तिघांचा फोटो

ओदिलाँ नावाचा बेल्जियमचा म्हातारा आमच्या राजवाड्याचे फोटो काढायला आला, ते साल एक्याण्णव. मी तेव्हा ह्युएच्या, म्हणजे आमच्या जुन्या राजधानीच्या, एका शाळेत फ्रेंच शिकवायचो. म्हणजे फ्रेंच शिकणारं कोणी उरलं नव्हतं, शिकवणारा मी तेवढा उरलो होतो. कोणाच्या तरी ओळखीने मला बोलावणं आलं आणि चार दिवसांसाठी दुभाषा म्हणून मला त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधून टाकलं. मी खूश होतो. आपलं फ्रेंच कोणाला तरी कळतं, हे बऱ्याच दिवसांत अनुभवलं नव्हतं.

ओदिलाँचा कॅमेरा जुना, वजनदार. वरून खाली वाकून बघायचा. एका रिळात बाराच फोटो बसत आणि त्याने मोजून आठ रिळं आणली होती. त्यामुळे म्हातारा एकेका फोटोपुढे अर्धा अर्धा तास उभा. ढग यायला हवा, मग ढग जायला हवा. कावळा उडायला हवा. आणि मुख्य म्हणजे माणूस हटायला हवा. त्याला राजवाडा हवा होता, राजवाड्यात माणूस नको होता.

आता आमच्या राजवाड्यात माणूस नाही अशी जागाच कुठे होती? अडुसष्टच्या युद्धातल्या बाँबगोळ्यांत अर्ध्याअधिक इमारतींची जोती तेवढी शिल्लक राहिली होती. राण्यांच्या महालाच्या जागी रताळी लावलेली. बायका नवलकोलच्या टोपल्या घेऊन दरबाराच्या दारातून ये-जा करत, कोणी पायरीवर पोर पाजत बसलेली. मला म्हाताऱ्याने सांगितलं, "मस्य हिएप," म्हणजे हिएपसाहेब, "जरा यांना बाजूला कराल?" आणि मी केलं. टाळ्या वाजवत, "मावशी, उठा उठा, फोटो चाललाय!" असं ओरडत मी चार दिवस धावलो. शाळेत पोरं माझं ऐकत नसत, इथे सगळे ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

पूर्वेच्या दरवाजावर माझा थोरला भाऊ तुएन काम करत होता. फुटक्या चिनीमातीच्या वाट्या-बशा फोडून त्यांचे तुकडे चुन्यात बसवायचे आणि छपरावरच्या ड्रॅगनला नवे खवले चढवायचे, हे त्याचं काम. वयाने चौतीस, लग्न नाही. कंबोडियातून सैन्यातली वर्षं संपवून आला आणि माउ मिस्त्रीच्या हाताखाली लागला. मला तो 'मास्तर' म्हणायचा, आणि कधीही सरळ म्हणायचा नाही.

"दादा, खाली बस! दिसतोयस तू!" मी खालून ओरडलो.

"दिसणारच! माणूस आहे मी, भूत नाही!" परांचीवरून त्याचा आवाज.

"अरे, त्याला रिकामा राजवाडा हवाय."

"राजा गेला, राण्या गेल्या, आता मीही जाऊ? मग हा दरवाजा काय हवेवर उभा राहणार आहे? विचार तुझ्या गोऱ्याला."

"दादा, बस ना खाली. माझी नोकरी आहे ही."

"बसतो बाबा. मास्तरांनी सांगितलं म्हणजे बसलंच पाहिजे," असं म्हणून तो ड्रॅगनच्या मागे उकिडवा बसला. म्हाताऱ्याने फोटो काढला. असं चार दिवसांत किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याची गाडी निघणार होती. शेवटच्या रिळात एकच फोटो उरला होता. मला वाटलं, आता हा पुन्हा दरबाराकडे पळवणार. पण म्हातारा दरवाजापुढे थांबला आणि म्हणाला, "एवढे दिवस हे लोक माझ्यासाठी लपले. एक फोटो त्यांचा काढू या."

माउ काका आणि दादा खाली उतरले. माउ काकांनी डोक्यावरची टोपी नीट केली. दादाने काही केलं नाही. तो डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने माखला होता, तसाच उभा राहिला. म्हाताऱ्याने कॅमेऱ्यात वाकून बघितलं आणि मला हात केला. "तुम्हीही या, मस्य हिएप. तुम्हीच तर सगळं केलंत."

मी लगेच गेलो. दादा मधे, एका बाजूला माउ काका, दुसऱ्या बाजूला मी.

"थांबा, थांबा!" माउ काका ओरडले. "तिघं? अरे, तिघांचा फोटो कधी काढतात का? मधला जातो."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चौथा उभा केला असता तरी भागलं असतं. रताळ्याच्या शेतातली एखादी बाई, सायकल दुरुस्त करणारा, कोणीही. पण चार दिवस मीच सगळ्यांना हाकलून लावलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. उरला फोटोग्राफर, आणि तो कॅमेऱ्यामागे.

न्यायाने बघितलं तर बाहेर पडायला मी हवं होतं. फोटो कारागिरांचा होता. पण मी सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, खिशाला पेन लावलं होतं. आणि बेल्जियममध्ये कुठल्या तरी भिंतीवर माझा फोटो लागणार, या विचाराने माझे पाय जागचे हलेनात.

"दादा, तूच हो बाजूला," मी म्हणालो. "मधे तू आहेस. शिवाय अवतार बघ तुझा."

दादाने स्वतःकडे वाकून बघितलं आणि हसला. "बरोबर आहे. फोटोत मास्तरच शोभतात. आणि मी गेलो तर ड्रॅगनच्या मिश्या कोण लावणार?"

तो बाजूला जाऊन उभा राहिला. मी माउ काकांच्या जवळ सरकलो. म्हाताऱ्याने बटण दाबलं. रीळ संपलं.

मी भावाचा जीव वाचवला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट.

संध्याकाळी जेवताना मी आईला म्हणालो, "आज गोऱ्याने आमचा फोटो काढला. राजवाड्याच्या दारात!"

"दोघांचा?" आईचे डोळे चमकले. "बरं झालं बाई. पंच्याऐंशीच्या पुरात पेटी गेल्यापासून घरात तुमचा एकही फोटो नाही. कोणी विचारलं तर दाखवायला काही नको का?"

मी दादाकडे बघितलं. तो भातात माशाची चटणी कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तर फारच सुंदर आलेत, आई. आता बेल्जियमहून मुलगी सांगून येणार." आई हसली, विषय संपला. तो खरं बोलू शकला असता. मीही बोलू शकलो असतो. पण त्या वेळी ही एवढी मोठी गोष्ट आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

भाद्रपदाच्या सुमारास राजवाड्याच्या खांबांसाठी लाकूड आणायला काही माणसं डोंगरात पाठवली. दादा गेला. वीस दिवसांनी लाकडांच्या ट्रकमध्ये, लाकडांवर टाकलेल्या पोत्यावर तो परत आला. रानातला ताप डोक्यात चढला होता. मला ओळखलं नाही, आईला ओळखलं नाही, कंबोडियातल्या कोणाशी तरी बोलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

त्याच्या खिशात ओळखपत्र होतं. त्यावर एक लहानसा फोटो असतो, आमच्याकडे कित्येकांच्या देव्हाऱ्यातली तसबीर त्यावरूनच काढलेली असते. पण दोन ओढे ओलांडताना आणि तापाच्या घामात ते भिजून लगदा झालं होतं. चेहऱ्याच्या जागी करडा डाग. अंत्ययात्रेत पुढे तसबीर धरून चालायचा मान धाकट्या भावाचा. माझ्या हातात नुसती नावाची पाटी. रस्त्यावरचे लोक पाटी वाचत आणि एकमेकांना विचारत, कोण गेला? पाटी वाचूनही विचारत.

सातव्या दिवशी आई म्हणाली, "त्या गोऱ्याला पत्र लिही."

मी नावाची पाटी पुसायला घेतली.

"त्याने काढलाय ना तुम्हा दोघांचा फोटो? आहे ना तुएन त्यात?"

तेव्हा मी एकच शब्द बोललो. "आहे."

का बोललो? तिचं तोंड बघितलं असतं तर तुम्हीही बोलला असता. आमच्या घरात मेलेला माणूस जात नाही, देव्हाऱ्यात बसतो. सकाळी त्याला उदबत्ती, सणाला ताट, घरात काही झालं तर त्याला आधी सांगायचं. पण सांगायचं कोणाला? चेहरा तर हवा. आईने आजोबांची तसबीर एका बाजूला सरकवली, बाबांची दुसऱ्या बाजूला, आणि मधे हातभर जागा मोकळी केली. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागली, "फोटो बेल्जियमहून यायचाय. वेळ लागतो." भाजीवालीला माहीत, पोस्टमनला माहीत. वर्षश्राद्धाच्या आत तो यायला हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. वर्षश्राद्धाला तो घरी येणार, तेव्हा त्याला बसायला जागा हवी.

ओदिलाँला मी खरं ते लिहिलं. लिहिलं की भाऊ गेला. तुम्ही चार दिवस राजवाड्याचे फोटो काढलेत, तो चारही दिवस तिथेच होता. कुठे तरी चुकून आला असेल. छपरावर, परांचीवर, खांबाआड, पाठमोरा असला तरी चालेल. कृपा करून बघा.

पत्र टाकून आलो आणि मनात त्याच्या एकेका फोटोवरून फिरत बसलो. या वेळी दादा कुठे होता? पाणी प्यायला गेला होता का? त्या वेळी मी ओरडलो होतो, की ओरडायचं राहिलं होतं? एखाद्या वेळी तरी राहिलं असेल. मी काही इतका कामाचा माणूस नाही. आयुष्यात मी एकही काम धड केलेलं नाही, असं माझे हेडमास्तर म्हणत. त्यांचं म्हणणं खरं निघावं, म्हणून मी तेव्हा पहिल्यांदाच उदबत्ती लावली.

उत्तर यायला अकरा महिने लागले. ओदिलाँ आजारी होता. जाड पाकीट, आत पुठ्ठ्यात घातलेले सहा मोठे फोटो आणि पत्र. पाकीट शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं, तेवढी अक्कल मी चालवली होती. मी ते शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून उघडलं.

असा राजवाडा मी कधी बघितला नव्हता. दरबाराचं अंगण काचेसारखं रिकामं. पायऱ्या रिकाम्या, दारं रिकामी. पूर्वेचा दरवाजा तर एवढा स्पष्ट की ड्रॅगनचा खवला न् खवला मोजावा. त्या ड्रॅगनच्या मागे दादा उकिडवा बसलाय, हे मला माहीत आहे. फोटोला माहीत नाही. शेवटच्या फोटोत मी आणि माउ काका. माझा शर्ट फार पांढरा आला होता.

पत्रात लिहिलं होतं: "मी शहाण्णवही निगेटिव्ह दिव्यावर ठेवून भिंगाने पाहिल्या. छपरं, खांब, सावल्यासुद्धा. मला फार वाईट वाटतं, पण तुमचा भाऊ कुठेही नाही. कोणीच नाही. तुम्ही तुमचं काम अतिशय चोख केलंत."

म्हाताऱ्याला टोचून बोलायचं नव्हतं. तो भला माणूस होता. पण मी ओट्यावर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लहान पोरासारखी, दोनदा.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले होते. मी तो दोघांचा फोटो घेऊन त्रिन् म्हाताऱ्याकडे गेलो. काजळीच्या पुडीने आणि बारीक कुंचल्याने मेलेल्यांच्या तसबिरी काढणारा तो. गावातल्या निम्म्या देव्हाऱ्यांत त्याचा हात असेल.

त्याने फोटो भिंगाखाली धरला. "यातला गेलेला कोणता?"

"दोघांतला कोणीच नाही."

"मग माझं काय काम?"

"हा मी आहे. माझ्या चेहऱ्यावरून माझा भाऊ काढायचा."

त्याने चष्मा काढून खाली ठेवला. "पोरा, चाळीस वर्षं मी मेलेल्यांना परत आणतोय. जिवंत माणसाला देव्हाऱ्यात बसवायचं काम अजून केलं नाही. जा घरी."

मी गेलो नाही. तिथेच पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी त्याची बायको त्याला म्हणाली, "अहो, काढा एकदाचा. गिऱ्हाईक आत यायला वाट नाही." तेव्हा तो कुरकुरत कागद घेऊन बसला.

"सांग, तुझ्यापेक्षा वेगळं काय होतं?"

"गालाची हाडं वर होती."

"बरं. भुवया?"

"माझ्यासारख्याच. जरा दाट."

"डोळे?"

"हसरे."

"हसरे म्हणजे बारीक की मोठे? खाली झुकलेले की सरळ?"

मी फोटोतल्या माझ्याच डोळ्यांकडे बघितलं. सैन्यातली वर्षं सोडली तर जन्मभर त्या माणसासमोर बसून जेवलो होतो.

"म्हणजे तुझेच काढतो," त्रिन् म्हणाला. तो रागावला नव्हता. लोकांना आठवत नाही, याची त्याला सवय होती.

तसबीर चांगली झाली. माणूस चौतीसचा दिसत होता, गालाची हाडं वर होती, आणि डोळ्यांतून मी बघत होतो. ती मी आईच्या हातात दिली नाही. श्राद्धाच्या सकाळी, ती चुलीपाशी असताना, मधल्या जागेत नेऊन ठेवली.

पाहुणे आले. मोठी मावशी दारातूनच रडत आली, "अगदी तुएन गं! अगदी समोर बसलाय!" दुसरा कोणी म्हणाला, बेल्जियमचे कॅमेरे म्हणजे काय विचारता. आई आतून आली, ओल्या हातांनी तसबिरीपुढे उभी राहिली. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने स्वतःची कॉलर नीट केली, उदबत्त्या पेटवल्या, तीनदा वाकली आणि ताट मांडलं. चिकट भात, डुकराचं मांस, कमळबियांची खीर. माउ काकांनी तसबिरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.

दुपारी सगळे पांगले. ऊन अंगणात सरकलं होतं. आई भांड्यांना हात न लावता देव्हाऱ्यापुढच्या चटईवर बसली.

"तो आला नाही," ती म्हणाली.

"आई, असं काय म्हणतेस?"

"दारापर्यंत आला असेल. बघितलं असेल, आपल्या जागी दुसराच कोणी बसलाय. मग गेला असेल परत. पहिल्यापासून तसाच तो. कोणी सरक म्हटलं की सरकणार."

मी खरकटी भांडी गोळा करायला वाकलो.

"मी तुम्हा दोघांना जन्म दिलाय, हिएप. मावशीला फसव. काढ ते तिथून. जिवंत पोरापुढे उदबत्ती लावायला लावलीस मला."

मी तसबीर काढली, आणि मग सगळं सांगितलं. तिघांचं, शर्टाचं, चार दिवस ओरडलो त्याचं, पत्रात काय लिहून आलं त्याचं. सांगताना मी रडत होतो, आई नव्हती. तिने हात पुढे केला. "तो खरा फोटो आण."

मी आणला. तिने तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. माझ्यावरून, माउ काकांवरून तिची नजर नुसती पुढे गेली.

"तू बाजूला हो म्हणालास, तेव्हा काय बोलला तो?"

"हसला. म्हणाला, मास्तरच शोभतात."

"किती लांब जाऊन उभा राहिला?"

"लांब नाही. दोन हातांवर. आमच्याकडेच बघत होता."

"म्हणजे होता तिथे," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "कुठल्या बाजूला? इकडे की इकडे?"

तिने बोट फोटोच्या डाव्या कडेला लावलं, मग उजव्या. मी डोळे मिटले. चुन्याने माखलेला तो निघाला, एवढं दिसतं. माउ काकांच्या मागून गेला की माझ्या पुढून? त्या वेळी मी कॅमेऱ्याकडे बघत होतो. हनुवटी किती वर धरावी याचा विचार करत होतो.

"सांग ना."

"उजवीकडे," मी म्हणालो.

आईने फोटो मोकळ्या जागेत, बाबांच्या तसबिरीला टेकवून ठेवला. मग उदबत्तीचं भांडं उचलून वीतभर उजवीकडे सरकवलं, ताटही सरकवलं, आणि जिथे काही नव्हतं त्या भिंतीपुढे हात जोडून त्याच्याशी बोलायला लागली. जेव म्हणाली, गार झालंय पण जेव. मी मागे उभा होतो. तो डावीकडेही असेल.